न विचारता

"हनीफ, गाडी बाजूला घे," सतीशभाऊ म्हणाले.

मला वाटलं, पोट बिघडलं असेल. दोन-दोन महिने समुद्रावर काढलेल्या माणसाला जमिनीवरचं पहिलं जेवण हमखास बाधतं. फुजैरातून निघून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. "पुढे मसाफीला पंप आहे, तिथे घेतो. चहा पण होईल," मी म्हणालो.

"पंप नको. माणसं नसतील अशा ठिकाणी घे."

तेव्हा मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर ते ताठ बसले होते. कमरेचा पाउच मांडीवर उघडा, आणि दोन्ही हात पाउचपासून लांब, गुडघ्यांवर. चष्मा पुसायला फडकं शोधत होते म्हणे. जहाजावर तेलाचे हात पुसायला वापरतात तसल्या निळ्या कागदाची घडी हाताला लागली. ती उलगडली तर आत काडतूस. अख्खं, न उडालेलं.

मी गाडी थांबवली. एसी चालू ठेवला, कारण बाहेर सकाळी साडेनऊलाच डोंगर तापले होते.

माझं काम काय ते आधी सांगतो. फुजैरात एका मरीन सिक्युरिटी कंपनीची गाडी मी चौदा वर्षं चालवतोय. आमच्या कंपनीची माणसं मालवाहू जहाजांवर बंदुका घेऊन पहारा करतात, समुद्री चाच्यांपासून. बहुतेक सगळे निवृत्त फौजी. किनाऱ्यापासून खूप आत एक जुनं जहाज नांगरून ठेवलंय, बंदुका आणि दारूगोळा तिथेच जमा करायचा. जमिनीवर यायचं ते रिकाम्या हातांनी. तिकडे ज्याच्या खांद्यावर सरकारी कागदांसकट रायफल असते, त्याच माणसाजवळ इकडे एक काडतूस सापडलं तर तो गुन्हेगार. मी त्यांना जेट्टीवरून उचलतो आणि एअरपोर्टला सोडतो. या चौदा वर्षांत कितीतरी फौजी सोडले असतील. बहुतेक सगळे गाडीत घोरतात.

सतीशभाऊ जगदाळे घोरत नसत. ते कोरेगावकडचे, मी म्हसळ्याचा. गाडीत आम्ही मराठी बोलायचो आणि बोलायला काही नसलं तरी बरं वाटायचं.

चूक कशी झाली ते त्यांनी मला तिथल्या तिथे सांगितलं, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं. जहाज खोल पाण्यात गेलं की टीम रायफली चालवून बघते, प्रत्येकी दहा गोळ्या, लाटांवर. यावेळी एक काडतूस उडालंच नाही. तसलं काडतूस काढून थोडा वेळ वेगळं ठेवायचं, मग पाण्यात टाकायचं आणि वहीत तशी नोंद करायची, अशी त्यांची पद्धत. भाऊंनी ते कागदात गुंडाळून पाउचमध्ये ठेवलं. तेवढ्यात टीममधला एक जण उलट्या करून आडवा झाला. त्याला केबिनमध्ये नेण्याच्या गडबडीत ते राहून गेलं. वहीत सवयीने लिहिलं गेलं, चार रायफली, चाळीस झाडल्या. आकडे चोख जुळले.

"आणि उतरताना बॅगा चेक करतात ना?" मी विचारलं.

"टीम लीडर करतो."

"मग?"

"टीम लीडर मीच आहे."

म्हणजे सगळ्यांच्या चपलांचे तळवेसुद्धा बघणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पाउच बघायला जगात कोणी नव्हतं. वर 'अंगावर वा सामानात शस्त्र, दारूगोळा नाही' या कागदावर त्यांनी स्वतःच सही करून दिली होती.

"एवढंच ना?" मी म्हणालो. खाली कोरडी वाडी होती. वाडी म्हणजे आमच्या कोकणातली नारळी-पोफळीची नव्हे, इथे ओढ्याच्या सुक्या पात्राला वाडी म्हणतात. नजर जाईल तिथवर नुसते गोटे. "द्या भिरकावून. कोणाला सापडतंय?"

"सापडलं तर?"

"शेळ्यांना सापडेल. हुंगून सोडून देतील."

भाऊ हसले नाहीत. "पोलिसांना सांगावं लागेल," ते म्हणाले. "गाडी वळव."

खरं सांगतो, मला त्यांची काळजी वाटली हे अर्धंच खरं. काडतूस माझ्या गाडीत होतं. लायसन माझं, व्हिसा माझा, म्हसळ्यात हलिमा आणि दोन मुली माझ्या पाठवण्यावर.

"भाऊ, शांतपणे ऐका. पोलिसांनी विचारलं का तुम्हाला? नाही. वहीत कमी पडतंय का? नाही. विचारलं तर सांगावं माणसाने. न विचारता कोण सांगतं?"

"शस्त्र जवळ असेल तर विचारायची वाट बघायची नाही."

"कुठे लिहिलंय असं?"

"मी पोरांना शिकवतो," ते म्हणाले. मग गाडीच्या काचेतून वाडीकडे बघत बोलू लागले. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नऊ वर्षं झाली मला या लाइनमध्ये. माणसावर एक गोळी झाडलेली नाही. नुसती दाखवली. छोटी होडी अंगावर यायला लागली की आम्ही चौघं कठड्याला येऊन उभे राहतो आणि रायफल अशी डोक्यावर आडवी धरतो. बघा बाबांनो, आमच्याकडे आहे. ते बघतात, वळतात. कधीकधी ते चाचे नसतातच, मासेमारीवाले असतात. त्यांच्याकडेही बंदूक असते. एकदा एकाने लपवली होती जाळ्याखाली आणि जवळ आल्यावर काढायला गेला. माझं बोट ट्रिगरवर होतं, हनीफ. तो पोरगा वीसेक वर्षांचा असेल. आधी दाखवली असती तर मी हात हलवून सलाम केला असता."

"झाडली का?"

"नाही. पण मी त्या रात्री जेवलो नाही."

मी म्हणालो, "ते सगळं खरं. पण हे शारजाहून अडीचचं विमान आहे. गाडी वळवली की ते गेलं. एक-दोन दिवसांत सुटाल असं समजू नका. इथलं कामकाज इथल्या वेगाने चालतं. गुरुवारचं काय?"

गुरुवार मला माहीत होता. जेट्टीवर सामान ठेवतानाच त्यांनी सांगितला होता, आणि नंतर परत दोनदा. गुरुवारी साताऱ्याला सुमेधावहिनींचं ऑपरेशन होतं, पिशवी काढायची होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात अंशच्या जन्माला भाऊ सीमेवर होते, वडील गेले तेव्हा सीमेवर, सासूबाई गेल्या तेव्हा लाल समुद्रात. वहिनींचा पाय मोडला तेव्हा तर जहाजावर नेटवर्क नव्हतं आणि प्लास्टर निघाल्यावर यांना कळलं. यावेळी त्यांनी चार महिने आधी रजा मागून ठेवली होती. "या वेळी मी दवाखान्यात बाहेर बसलेला असेन," असं ते जेट्टीवर म्हणाले होते, मोठ्या बढतीची बातमी सांगावी तसं.

आता त्यांनी घड्याळात पाहिलं.

"निदान वहिनींना फोन करा आधी. त्या काय म्हणतात बघा."

"नको," ते म्हणाले. "तिचा आवाज ऐकला तर मी टाकून देईन."

मी आणखी दोन मिनिटं तसाच बसलो. त्यांनी घाई केली नाही, आवाज चढवला नाही. ते उतरून चालते झाले असते तर मला बरं झालं असतं. पण नुसतं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या माणसाशी भांडणार कसं? मी पुढच्या वळणावरून गाडी फिरवली.

पोलीस ठाण्याच्या फाटकावर भाऊ पाउच सीटवरच ठेवून उतरले, चार पावलं लांब गेले आणि हात बाजूला मोकळे ठेवून उभे राहिले. "सांग त्यांना," मला म्हणाले. "पाउचमध्ये एक जिवंत राउंड आहे, मी हात लावणार नाही, तुमचा माणूस येऊन घेऊ दे."

मला कामापुरतं अरबी येतं. मी सांगितलं. त्यानंतर जे व्हायचं ते झालं, म्हणजे गाडी रिकामी केली, मला एका बाजूला बसवलं, भाऊंना दुसऱ्या. कोणी ओरडलं नाही. अर्ध्या तासाने आम्हाला एका तरुण मुलाजिमसमोर नेलं. मुलाजिम म्हणजे आपल्या फौजदारासारखा. त्याच्या टेबलावर पारदर्शक पिशवीत ते काडतूस ठेवलेलं होतं. एवढंसं दिसत होतं.

त्याने मला अरबीत विचारलं, "हे याच्याकडे कुठून आलं?"

आणि मी खोटं बोललो. आधी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. म्हटलं, साहेब, समुद्रकिनाऱ्यावर सापडलं त्याला, साधा माणूस आहे, घाबरून तुमच्याकडे घेऊन आला. मला वाटलं, एवढ्याने मोकळं होईल सगळं. अडीचचं नाही तर रात्रीचं विमान मिळेल.

मुलाजिमने मान हलवली. मग भाऊंकडे वळून तो स्वच्छ हिंदीत म्हणाला, "बीच पे मिला तुमको?"

इथल्या निम्म्या लोकांना हिंदी येतं हे चौदा वर्षं मला माहीत होतं, आणि ऐन वेळी मी ते विसरलो.

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "नहीं साब," ते म्हणाले. "मेरा है. मेरी गलती है. इसको अरबी ठीक से नहीं आता." आणि टेस्ट फायरपासून सहीपर्यंत सगळं परत सांगितलं, गाडीत मला सांगितलं होतं त्याच क्रमाने, एक शब्द कमी-जास्त नाही.

मुलाजिमने सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तो म्हणाला, "तुम नहीं बोलता तो हमको मालूम नहीं पड़ता."

"हाँ साब."

"फिर क्यों बोला?"

मला वाटलं आता ते होडीची गोष्ट सांगतील. "बोलना पड़ता है साब," एवढंच म्हणाले.

तो पोरगेला अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने आम्हाला चहा मागवला, भाऊंना पाण्याची बाटली स्वतः उघडून दिली. म्हणाला, तुम्ही आलात ते चांगलं केलंत, मी तसं लिहीन. पण कागद वर जाणार. तिथले साहेब ठरवतील. तोवर पासपोर्ट इथे राहील. कंपनीने हमी दिली तर तुम्ही बाहेर राहा.

"कितने दिन साब?"

"एक हफ्ता. दो हफ्ता. इन्शाल्ला जल्दी."

कंपनीच्या ऑफिसातून अर्सलान आला, सह्या केल्या आणि आम्हाला बाहेर पार्किंगमध्ये आणून हळू आवाजात झापलं. "पहले हमको फोन करना था ना. हम देख लेते. अब इन्क्वायरी होगी, पूरी टीम का बयान होगा. तब तक आप जहाज पे नहीं जाओगे, सतीश साहब. शायद उसके बाद भी नहीं." भाऊ सावधान उभे राहून ऐकत होते. अर्सलान त्यांच्या मुलापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल.

तो गेल्यावर आम्ही गाडीत बसलो. अडीच वाजून गेले होते. भाऊंनी फोन काढला. ते नेहमी स्पीकरवर बोलत, इतकी वर्षं कानाजवळ रायफली वाजवून डावा कान गेलेला आहे त्यांचा. मी उतरायला लागलो तर म्हणाले, "बस. बाहेर ऊन आहे."

वहिनींनी फोन लगेच घेतला. "बसलात का विमानात?"

"सुमे, मी येत नाही गुरुवारी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी सांगितलं. थोडक्यात, पण सगळं. वहिनी मध्ये फक्त एकदा बोलल्या, "म्हणजे धरलं नाही ना तुम्हाला?"

"नाही. मीच सांगितलं."

"मग काय, ठीक आहे. जेवलात का?"

"सुमे, मी येणार म्हटलं होतं. तिथे सही लागेल, माणूस लागेल बाहेर..."

"सही झालीय हो. फॉर्म तर मागच्या महिन्यातच भरलाय. अंशची परीक्षा आहे, त्याला नको म्हटलं. वरच्या मजल्यावरची संजना येणार आहे, तिचं नाव घातलंय."

"अगं, पण नातेवाईक लागतो ना तिथे?"

"बहीण म्हणून लिहिलं. विचारतंय कोण?"

भाऊ फोनकडे बघत होते. मी स्टिअरिंगकडे.

"मागच्या महिन्यात?" ते म्हणाले. "तेव्हा तर माझी रजा मंजूर झाली होती."

"हो, तुम्ही सांगितलं होतंत." वहिनींचा आवाज मऊ झाला. "राग नाही हो माझा, खरंच नाही. तुम्ही आलात तर चांगलंच होतं. पण मी धरून चालत नाही आता. तसं चाललं की माझं बिघडतं काहीतरी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. औषधं घेताय ना प्रेशरची?"

"घेतोय."

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला. फडकं पाउचमध्ये होतं आणि पाउच आत पोलिसांकडे, म्हणून शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या. बराच वेळ पुसल्या. "माझ्यामुळे तुझं जेवण राहिलं," मला म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. वाडीपाशी थांबलो होतो तेव्हा मीच हिसकावून फेकायला हवं होतं, असंही वाटलं. पण फेकलं असतं, ते अडीचला उडाले असते आणि गुरुवारी दवाखान्यात जाऊन बसले असते, तरी त्या फॉर्मवर नाव संजनाचंच असतं. ते कळून घेण्यासाठी त्यांना साताऱ्यापर्यंत जावं लागलं नाही, एवढंच.

कंपनीच्या व्हिलात त्यांना एक खाट मिळाली. बाकीच्या खाटांवरची माणसं येत-जात होती. बुधवारी मी तिघांना जेट्टीवर सोडलं, दोघांना आणलं. भाऊ बसून होते, कुणाला चहा करून दे, कुणाचा फॉर्म भरून दे. इन्क्वायरीचा बोभाटा झाला होता. पोरं त्यांच्याशी अदबीने बोलत आणि जरा लांब बसत. बयान द्यायला आपल्यालाही बोलावतील याची सगळ्यांना धास्ती होती.

गुरुवारी सकाळी मी पराठे घेऊन गेलो. ऑपरेशन नऊचं होतं, आणि आपल्याकडे नऊ म्हणजे इथे साडेसात. भाऊ व्हिलाच्या पुढच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मोजे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. टीव्ही बंद होता. खुर्ची त्यांनी भिंतीला लावून घेतली होती आणि फोन हातात धरला होता. दवाखान्याच्या बाहेर बाकावर माणसं बसतात ना, तसे बसले होते. काही न विचारता मी शेजारी दुसरी खुर्ची ओढली. पराठे थंड झाले.

नऊ वाजले, साडेनऊ झाले. आपल्याकडचे अकरा. वहिनींचा फोन बंद होता. संजनाचा नंबर भाऊंकडे नव्हता. वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहतेय ती, पण तिला त्यांनी दोनदाच पाहिलं होतं. शेवटी त्यांनी दवाखान्याचा नंबर शोधून साधा फोन लावला. स्पीकरवर.

"पेशंटचं नाव?"

"सुमेधा जगदाळे. आज सकाळी ऑपरेशन होतं."

"आपण कोण त्यांचे?"

"मी मिस्टर. दुबईहून बोलतोय." फुजैरा म्हटलं तर आपल्याकडे कळत नाही, म्हणून सगळेच दुबई म्हणतात.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "इथे मिस्टरांचं नाव नाहीये. बहीण आहेत, संजना म्हणून. माहिती आम्ही त्यांनाच देतो. बहीणच आहेत ना या?"

हा तो माणूस होता, ज्याने न विचारता एका काडतुसापायी विमान सोडलं, नोकरी पणाला लावली. आणि आता तर कोणीतरी सरळ विचारलं होतं. बहीण नाही ती, शेजारीण आहे, नवरा मी आहे, तो कागद चुकीचा आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्यांचा हक्कच होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"येतंय," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. बहीणच आहे ती. तिला द्या जरा फोन."

"थांबा मग, बोलावते."

ते खुर्चीतून उठले. फोन तळहातावर सपाट धरला, दुसऱ्या हाताने शर्ट नीट खोचून घेतला, आणि उभे राहून वाट बघू लागले.